तांबेखोरीची पांढरी मडकी

ही समोरची दोन मडकी बघा, पाव्हणे. एक लाल, एक चुन्यासारखं पांढुरकं. दोन्हींची माती एकच, दोन्ही एकाच आव्यात भाजलेली. रंग कोणी लावलेला नाही. लाल मडकं देवळात घटाला जातं, आणि पांढऱ्यात पाणी अधिक गार राहतं. हे कसं झालं, ते आमच्या तांबेखोरीत जसं सांगतात तसं सांगतो.

फार मागे इथे रखमाजी नावाचा कुंभार होता. एका उन्हाळ्यात त्याची वरच्या अंगाची विहीर ढासळली. पाण्यावाचून चाक थांबलं. रखमाजीने गावदेवीला नवस बोलून अन्न सोडलं आणि ओढ्याकाठी नवी विहीर खणायला घेतली. अकराव्या दिवशी पाणी लागलं म्हणे. त्याच आठवड्यात त्याचा मुलगा गणोजी लग्न करून ठकूला घरी घेऊन आला.

पुढचा आवा उघडला तर एरवी लाल निघणारी सगळी मडकी पांढरी. रखमाजीचं डोकं चालेना. त्याने लाकूड बदललं, माती पुन्हा चाळली. दुसरा आवाही तसाच निघाला. राखेच्या रंगाचं मडकं देवीपुढे मांडायचं कसं? नवरात्र तर तोंडावर आलेलं. मग गावात कुजबुज सुरू झाली की माती तीच, हात तेच, घरात नवीन काय ते सूनच. तिसरा आवाही पांढरा निघाला तर सुनेला माहेरी पोचवून या, असं पंचांनी रखमाजीला बजावलं.

ठकूच घरात माती तुडवायची. ती इतकी गोंधळली, की मातीत उतरण्याआधी तीन-तीनदा पाय धुवायची आणि तळवे निरखत बसायची. आपल्यातच काही असेल, असं तिलाही वाटू लागलं होतं. एके दिवशी वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यावर तिला पांढरी पापडी दिसली. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट लागलं. नव्या विहिरीचं पाणी तिने चाखून पाहिलं, त्यालाही तीच चव. पण देवीने दिलेल्या पाण्याबद्दल बोलायचं कोणाशी?

ती सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मामंजी, या खेपेला दोन मडकी वेगळी करा. एक नव्या विहिरीच्या पाण्याचं, एक जुन्या विहिरीच्या. माती दोन्हींची मीच तुडवते. दोष माझ्या पायांत असेल, तर दोन्ही पांढरी निघतील."

रखमाजी म्हणाला, जुन्या विहिरीत पाणी कुठलं, तिथे नुसते दगड. त्यावर ठकूने कमरेला दोर बांधला. वरून गणोजीने तो धरला आणि ती ढासळलेल्या विहिरीत उतरली. दोनदा दगड सुटले, तिचा खांदा सोलवटला, असं सांगतात. पण वर आली ती घागरभर पाणी घेऊनच. तांबूस, गंजकट वासाचं पाणी.

आवा उघडला तेव्हा सगळा गाव जमला होता. राख बाजूला सारली. नव्या विहिरीच्या पाण्याचं मडकं पांढरं निघालं, जुन्या विहिरीचं गुंजेसारखं लाल. आनंद मानावा की भ्यावं, तेच लोकांना कळत नव्हतं. रखमाजीने दोन्ही मडकी मांडीवर घेतली.

"मी उपाशी राहून देवीकडे पाणी मागितलं होतं," तो म्हणाला. "तिनं दिलेलं पाणी खोटं कसं म्हणू?"

"खोटं नाही, मामंजी," ठकू म्हणाली. "खारं आहे."

रखमाजी उठला. पहार घेऊन जुन्या विहिरीवर गेला आणि एकटाच दगड काढू लागला. दुपारपर्यंत पंचही खाली उतरले. नवरात्रात घट लाल बसले, आणि ठकू घरातच राहिली.

आता काही म्हणतात देवीने सुनेची बाजू घेतली, काही म्हणतात सगळा खेळ क्षारांचा. मी दोन्ही ऐकत आलो, पण मला अजून उमगलेलं नाही. एवढं मात्र खरं, की आजही इथल्या कुंभारवाड्यात सून नवी आली की तिच्या पहिल्या आव्याचं पाणी सासरा स्वतः शेंदून आणतो. आधी तो ते स्वतः चाखतो, आणि मगच सून मातीत पाय घालते.