गोंदाजीची गाठ

फार मागं विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पाखरांची शाळा भरायची. वस्ताद म्हातारा आणि खडूस, पण पाठांतर कधी घेत नसे. ज्यानं त्यानं आपलं घरटं विणायचं आणि सोसाट्याच्या वाऱ्यात त्यातच बसायचं, हीच परीक्षा.

त्यातल्या गोंदाजी पाखराच्या पोराच्या गाठी सुटायच्या. पोर विहिरीत पडेल या धास्तीनं, ते दाणे टिपायला गेलं तेव्हा गोंदाजीनं त्याच्या घरट्याला गुपचूप एक पक्की गाठ मारली.

परीक्षेच्या सकाळी वस्ताद घरटं ओढून म्हणाला, "वा रे गड्या! गाठ झकास!"

"माझी एवढी घट्ट बसत नाही, वस्ताद. ही आमच्या बाबांची," असं म्हणून पोरानं ती सोडवली. घरटं एका अंगाला लोंबलं.

"वारा दुपारी सुटेल," वस्ताद म्हणाला.

"तोवर विणतो."

गोंदाजी गवताचं पातं घेऊन धावला. "थांब लेका, मी धरतो!"

"बाबा, तुम्ही नुसते जवळ बसा."

गोंदाजीनं जन्मात बारा घरटी विणली होती. पण पातं टाकून गप बसायला जेवढा जोर लागला, तेवढा एकाही घरट्याला लागला नव्हता.