थांबलेले हात

फार फार वर्षांपूर्वी, गोष्टी कागदावर नव्हे तर वडाच्या पारावर नांदत होत्या, तेव्हाची ही हकिकत.

एका गावात रीत होती. जत्रेच्या दिवशी पारावर बसून एकाने गोष्ट सांगायची आणि खाली बसलेल्यांनी वाक्यागणिक हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणाऱ्याने मुकाट्याने उतरायचं आणि पुन्हा जन्मात पारावर चढायचं नाही.

गावातल्या कुंभाराच्या लेकीला त्या पाराचं भारी वेड. एखादी गोष्ट ऐकताना माणसं जागची हलत का नाहीत, याचं तिला लहानपणापासून कुतूहल. म्हाताऱ्या कथेकऱ्याचा आवाज बसला, तशी यंदा आपणच पारावर बसायचं ठरवून ती त्याच्याकडे गेली. तिने सात मजली महालातल्या राजाची गोष्ट रचली होती. महिनाभर बाई नुसते मजलेच चढवत होती.

म्हातारा ऐकता ऐकता सुपारी कातरत होता. तिची गोष्ट संपली, तरी अडकित्ता चालूच.

"तुझ्या राजाला भीती कशाची वाटते गं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"राजाला कसली आलीय भीती, आजोबा?"

"मग मी त्याची काळजी कशाला करू? असं कर, रोज कुणातरी कामात असलेल्या माणसाला गोष्ट सांग. तोंडाकडे बघू नकोस, तोंडं भिडस्त असतात. हात बघ. हात थांबले तिथली गोष्ट ठेव, चालू राहिले तिथली मोड."

"सगळीच मोडावी लागली तर?"

"मडकं चाकावर बिघडलं, तर तुम्ही माती फेकून देता का?"

ती निघाली. तेलीण "छान हं" म्हणाली आणि घाण्याचा बैल हाकत राहिली. मेंढपाळाने मान डोलावली, पण कातर काही थांबली नाही. पोरगी रडकुंडीला आली. तरी रोज एकेक मजला पाडत गेली. शेवटी उरला एकटा राजा. त्याचं काय करावं कळेना, म्हणून तिने त्याला मडकी घडवायला चाकापाशी बसवलं. राजाचं प्रत्येक मडकं भट्टीत तडकायचं आणि कुणाला कळू नये म्हणून तो तुकडे परसात पुरायचा. ही लाज तिच्या ओळखीची होती. तिनेही असे तुकडे पुरले होते.

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईला तिने हे सांगितलं, तर दोरासकट कळशी विहिरीत गेली.

"मेले, माझी कळशी घालवलीस," बाई म्हणाली. "पण ते तुकडे कुणाला सापडले का?"

जत्रेच्या दिवशी ती पारावर चढली. हुंकार खणखणीत येत होते. राजाची राणी फुलझाड लावायला परसात कुदळ मारते, इथवर गोष्ट आली आणि हुंकार बंद पडला. रीत ती रीत, म्हणून ती उतरायला उठली.

उठता उठता सवयीने तिची नजर हातांकडे गेली. कासाराने गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी अर्धीच चढवून धरून ठेवली होती. हलवायाची जिलबी कढईत करपत होती आणि झारा नुसताच हातात होता. पुढे बसलेल्या म्हाताऱ्याच्या अडकित्त्यात सुपारी अख्खीच होती.

"बस खाली," म्हातारा म्हणाला. "राणीला काय सापडलं ते सांग आधी."

ती बसली. राणीने तुकडे ओळखले, धुतले आणि काही न बोलता तुळशीभोवती मांडले, असा तिने शेवट केला. हलवायाने डोळे पुसले आणि करपलेली जिलबी गावाला फुकट वाटली.

त्या गावात आता हुंकाराची रीत राहिली नाही. पारावर बसणारा हातांकडे बघतो आणि कुंभाराची लेक बसते त्या दिवशी हलवाई कढई आधीच उतरवून ठेवतो.

तात्पर्य : आपल्याला आवडली म्हणून गोष्ट पुरी होत नाही, ऐकणाऱ्याचे हात थांबेपर्यंत ती पुन्हा पुन्हा मळावी लागते.