दोरीच्या बाजूने पाहिलेला वाडगा

अनवाणी महाराजांनी त्या वर्षीचा चातुर्मास देवशेत गावी, रवळनाथाच्या देवळात काढला. त्यांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते पायांत कधी काही घालीत नसत, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिले आणि महाराजांनीही ते आनंदाने वागवले. सकाळी ते गावातून एक फेरी मारीत, जिथे काम चाललेले दिसे तिथे उंबऱ्याशी बसत आणि दुपारी देवळात निरूपण करीत. गावातील जाणत्या मंडळींना त्यांचे निरूपण फार आवडे. सकाळची फेरी मात्र त्यांना खटके; कारण महाराज कोणाच्याही उंबऱ्याशी बसत.

देवशेतला काताऱ्यांची पाच घरे होती. चरकावर लाकूड फिरवून, त्याला पटाशीने गोलाई देऊन वाडगे, डबे, पाळण्याची खेळणी करावीत, हा त्यांचा पिढीजात धंदा. दर कार्तिकात नव्या तांदळाच्या खिरीचा नैवेद्य रवळनाथाला दाखवला जाई, आणि तो एका नव्या लाकडी वाडग्यातून. देवाचे अन्न थेट दगडाला टेकू नये, म्हणून त्या वाडग्याला खाली पाय हवा, असा रिवाज होता. वाडगा करण्याचा मान पाचही घरांतून पाळीने फिरे. ज्या घराची पाळी चुकेल, त्याचा देवराईत आपोआप पडलेल्या लाकडातील वाटा कायमचा जाई. लाकूड गेले की चरक बंद, आणि चरक बंद झाला की ते घर काताऱ्यांचे राहत नसे.

त्या वर्षी पाळी सोनबा कातारीच्या घरची होती. आणि दोन वर्षांपूर्वीच सोनबाच्या उजव्या हातावरून वारे गेले होते.

चरकाला दोन माणसे लागतात. एकाने आसाभोवती गुंडाळलेल्या दोरीची टोके आळीपाळीने ओढायची, म्हणजे लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरते. दुसऱ्याने पटाशी धरायची, आणि लाकूड आपल्याकडे येईल तेवढ्या क्षणापुरतीच धार टेकवायची. पटाशी पुरुषाची आणि दोरी बाईची, अशी त्या आळीची रीत होती. सोनबाची बायको द्वारका हिने अठरा वर्षे दोरी ओढली होती. नवऱ्याचा हात गेल्यावर तिने एके सकाळी कोणालाही न विचारता पटाशी उचलली. सोनबा डाव्या हाताने दोरी ओढू लागला. दोरीचे दुसरे टोक त्याने एका वाकवलेल्या बांबूला बांधले. त्याने ओढायचे आणि बांबूने परत खेचायचे, असे त्यांचे काम सुरू झाले.

सोनबाचा थोरला चुलतभाऊ भिवाजी मेस्त्री हा आळीचा म्होरक्या. वाडग्याचे तोंड एवढे असेल तर पोट किती आणि पाय किती, हे सांगणाऱ्या खाचा कोरलेली वडिलोपार्जित मापकाठी त्याच्याकडे होती. पाळी जवळ आली, तेव्हा तो सोनबाच्या अंगणात येऊन उभा राहिला.

“काय रे सोनबा, लुगडंही आळीपाळीनं नेसता की काय?”

सोनबाने मान खाली घातली. द्वारकेने पटाशी खाली ठेवली नाही.

“नाही भावजी. लुगडं मीच नेसते, चूलही मीच पेटवते. त्यात आता पटाशीची भर पडली, एवढंच.”

“जीभ पटाशीपेक्षा धारदार आहे! पण नैवेद्याचा वाडगा जिभेनं होत नाही. मापकाठी माझ्याकडे आहे, आणि ती बाईच्या हाती द्यायची रीत नाही. पायाचं माप कुठून आणशील?”

“अठरा वर्षं दोरीच्या बाजूला बसले आहे मी. पटाशीवाल्याला धार टेकते तेवढीच जागा दिसते. अख्खा वाडगा दिसतो तो दोरी ओढणाऱ्याला.”

जमलेली माणसे हसली. भिवाजी मात्र हसला नाही. तो वळला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “हिच्या दोरीला कोणी हात लावायचा नाही. लावेल त्याला आळी बंद! नैवेद्याला वाडगा उभा राहिला नाही, तर या घराची पाळी संपली.”

देवराईच्या वाट्यातून द्वारकेला शिवणीच्या लाकडाचे दोनच ठोकळे मिळाले होते. पहिल्याचा वाडगा तिने चार दिवसांत उतरवला. तो हातात घेऊन ती उंबऱ्याशी आली, तेव्हा महाराज तिथे बसलेलेच होते. त्यांनी वाडगा सगळीकडून न्याहाळला.

“पोट सुरेख उतरलं आहे, माय,” महाराज म्हणाले. “पण पाय एवढा रुंद का केलास?”

“पडू नये म्हणून, महाराज.”

“कोण पडू नये म्हणून? वाडगा, की तू?”

द्वारकेच्या डोळ्यांत पाणी तरळले. पण ते अपमानाचे नव्हते. इतके दिवस जे आपल्यालाही उमगले नव्हते, ते कोणीतरी पाहिले होते.

“भिऊन माप घेऊ नये,” महाराज म्हणाले. “हा फळीवर छान उभा राहतो. पण त्याला जिथे बसायचं आहे, ती जागा पाहिलीस का?”

द्वारका तशीच उठली आणि वाडगा घेऊन देवळात गेली. नैवेद्याची शिळा गाभाऱ्यासमोर होती. दरवर्षी ती दुरून दिसे, कधी फुलांनी तर कधी माणसांनी झाकलेली. द्वारकेने गणू गुरवाकडून तांब्याभर पाणी मागून घेतले आणि शिळेवर ओतले. पाणी मधोमध थांबले नाही; चारी बाजूंनी खाली वाहिले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुण्याने शिळेच्या कडा झिजल्या होत्या आणि मध्यभागी बोटभर उंचवटा उरला होता. तिने आपला रुंद पायाचा वाडगा त्यावर ठेवला. तो डुलू लागला. मग तिला भिवाजीच्या घरचे अरुंद पायाचे, उंच, डौलदार वाडगे आठवले. आणि एकाएकी हेही आठवले, की दरवर्षी नैवेद्य होईपर्यंत भिवाजी एक हात वाडग्याला लावून उभा असे. त्याला ‘हात देण्याचा मान’ म्हणत. तो त्याच्या घराण्याकडे होता आणि त्याबद्दल भिवाजीला मानाचे नारळही मिळत.

“अगं बाई!” ती स्वतःशीच म्हणाली. “त्यांचाही डुलतच होता की!”

आता तिला माप सापडले. पाय मध्यम हवा, पण आखूड. वाडग्याचे पोट खाली उतरलेले हवे, म्हणजे खिरीचा भार तळाशी राहील. आणि पायाचा तळ आतून कोरलेला हवा, म्हणजे शिळेचा उंचवटा त्या पोकळीत सामावेल आणि वाडगा कडेवर उभा राहील.

ठोकळा मात्र एकच उरला होता. बाहेरची गोलाई आणि पोट झाले, पाय तेवढा राहिला, आणि नैवेद्याच्या आदल्या सकाळी सोनबा तापाने फणफणला. त्याला उठवेना. द्वारका शेजारच्या गोदाक्काकडे गेली. गोदाक्का तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिले नाही.

“द्वारके, मला वाईट वाटतं गं. पण घरात विचारावं लागेल.”

“नको विचारूस. तुला त्रास नको.”

ती परत आली तेव्हा दुपार झाली होती. दोरी लोंबत होती. नुसता बांबू काही चरक फिरवणार नव्हता. आतून सोनबाचे कण्हणे ऐकू येत होते. द्वारकेने देवळाच्या दिशेला पाहिले, पण हात जोडले नाहीत.

“रवळनाथा,” ती म्हणाली, “खीर तुझी, वाडगा तुझा. मग दोरीही तूच ओढ. मला हात जोडायला सवड नाही. माझ्या हातात पटाशी आहे.”

आणि ती चरकासमोर बसली. तिने धार लाकडाजवळ नेली.

दोरी हलली!

चरक फिरू लागला, पुढे आणि मागे, एका लयीत. पायाची निमुळती जागा आली होती. नजर केसभर हलली असती तर पटाशी रुतली असती. द्वारकेने वर पाहिले नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला भुशात रोवलेली दोन अनवाणी पावले तेवढी दिसली. गोदाक्काच्या नवऱ्याला दया आली असावी, असे तिला वाटले.

“सावकाश,” ती म्हणाली. दोरी सावकाश झाली.

“आता जोर लावा.” दोरीने जोर धरला.

“अहो, सावकाश म्हटलं ना! तळ कोरते आहे.”

सूर्य कलला तेव्हा काम पुरे झाले. तिने पटाशी ठेवली, पदराने तोंड पुसले आणि आभार मानण्यासाठी मान वर केली. समोर कोणीही नव्हते. दोरीचे टोक तेवढे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सारा गाव देवळात जमला. द्वारकेने वाडगा आणला, तेव्हा भिवाजीने सर्वांसमोर मापकाठी त्याला लावून पाहिली.

“कुठल्याच खाचेत बसत नाही! पाय आखूड, पोट लोंबलेलं. ही तर गाभण शेळी आहे!”

मंडळी खो खो हसली. महाराज आसनावर शांत बसले होते. त्यांनी हात उपरण्याखाली घेतले होते.

“काठीवर नका बघू, भावजी,” द्वारका म्हणाली. “शिळेवर बघा.”

तिने वाडगा शिळेवर ठेवला. गुरव खिरीचे पातेले आणि पळी घेऊन पुढे आला. त्याबरोबर भिवाजीनेही सवयीने हात पुढे करून वाडग्याची कड धरली.

“हात काढा, भावजी.”

भिवाजीने कड आणखी घट्ट धरली.

“हा माझ्या घराण्याचा मान आहे!” भिवाजी गरजला.

“तुमचा वाडगा कलंडत होता, म्हणून तो मान झाला. हा उभा राहील.”

“भिवाजी,” महाराज म्हणाले, “काढ हात.”

भिवाजीने हात काढला. गुरवाने खीर ओतली. अर्धा वाडगा, पाऊण, मग काठोकाठ. ओतता ओतता पळीचा धक्का कडेला लागला. खिरीवर एक बारीक तरंग उठला आणि विरला. वाडगा हलला नाही. तो त्या उंचवट्यावर असा बसला होता, जणू शिळेलाच तो पाय फुटला होता.

भिवाजीचा चेहरा काळवंडला. वाडग्यापुढे बोलता येईना, तेव्हा तो माणसांकडे वळला. “सोनबा काल अंथरुणात होता. मग दोरी ओढली कोणी? माझा शब्द कोणी मोडला? बोल, द्वारके!”

“मला ठाऊक नाही. मला पाय तेवढे दिसले.”

“मी मोडला,” महाराज म्हणाले.

त्यांनी उपरण्याखालचे हात बाहेर काढले आणि तळवे उघडले. दोन्ही तळव्यांवर दोरीचे लाल वळ उठले होते. एका ठिकाणी सालटे निघून रक्त सुकले होते.

“कसं शक्य आहे?” भिवाजी ओरडला. “काल दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही इथे निरूपण करीत होता! मी पहिल्या ओळीत बसलो होतो. तुम्ही आसन सोडलं नाही. मी स्वतः...”

तो तिथेच थांबला. काल निरूपण करताना महाराजांचे हात सारखे पुढे-मागे होत होते. ते ताल धरीत आहेत, असे त्याला वाटले होते. आणि बोलण्याच्या ओघात महाराज दोनदा मध्येच म्हणाले होते, “हो माय, सावकाश.” श्रोत्यांनी ते भावावस्थेतले उद्गार समजून हात जोडले होते. सर्वांत आधी भिवाजीनेच जोडले होते.

केवढी ही माउलीची कृपा! ज्या दोरीला गावात हात मिळेना, ती ओढायला महाराज धावले. आणि त्याची साक्षही त्यांनी देवविली ती भिवाजीच्याच तोंडून.

भिवाजीच्या हातातून मापकाठी गळून पडली. त्याने महाराजांच्या चरणांवर मस्तक ठेवले. त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत शिवणीचा पिवळसर भुसा अजून अडकलेला होता. तो त्याच्या कपाळाला लागला.

“महाराज, मी अपराधी आहे. काय प्रायश्चित्त घेऊ?”

महाराजांनी त्याला उठवले. “मला काय विचारतोस? पाळी तिच्या घरची आहे. तिला विचार.”

भिवाजी वळला. वयाने एवढा मोठा माणूस आपल्यापुढे वाकतो आहे, हे पाहून द्वारका दोन पावले मागे सरली.

“माझ्या पाया पडू नका, भावजी. तुम्ही वडीलधारे आहात. पण यांचा ताप अजून उतरला नाही. उद्या सकाळी दोरीला या.”

आळीतल्या माणसांनी श्वास रोखला. बाईच्या चरकावर दोरी ओढायची, आणि तीही भिवाजी मेस्त्रीने!

दुसऱ्या सकाळी भिवाजी आला. मापकाठी त्याने सोबत आणली होती. ती त्याने द्वारकेच्या पटाशीशेजारी ठेवली आणि मुकाट्याने दोरीच्या बाजूला जाऊन बसला. द्वारकेने आपला पहिला, रुंद पायाचा वाडगा पाय उतरवण्यासाठी चरकावर चढवला आणि चरक फिरू लागला. चाळीस वर्षे ज्याने फक्त धार पाहिली होती, त्याला त्या बाजूने प्रथमच अख्खा वाडगा दिसला. त्याचे तोंड, पोट आणि पाय, सारे एकदम. त्याचे हात मंदावले. डोळे भरून आले, आणि दोरी हातात तशीच धरून त्याने त्या फिरत्या लाकडापुढे मान लववली.

उंबऱ्याशी बसलेले महाराज हसले.

“दोरी ढिली पडते आहे, भावजी,” द्वारका पटाशीवरची नजर न हलवता म्हणाली. “सरळ बसा, आणि ओढा.”