शिंपिणीला सवड नव्हती

रानभर साग होता, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्याचा घरटी शिवून देण्याचा छोटा कारखाना होता. तिथे शिंपीण सागाची पानं शिवायची. चिमणा तिला धागे आणून द्यायचा आणि उरलेला वेळ फांदीवर पेंगायचा.

पुढे साग कमी होऊ लागला. तेव्हा रानाच्या दरबाराने तळ्याकाठी वर्ग काढला. आधीपासून कामावर असलेल्या पक्ष्यांना तिथे वेळूची पाती शिवायला शिकवणार होते. शिकण्याच्या दिवसांतल्या मजुरीचा निम्मा दाणा दरबार देणार होता, निम्मा मालकाने द्यायचा होता.

"शेठ, मी जाऊ?" शिंपिणीने विचारलं. "पंधरवड्याचंच तर आहे."

"आणि घरटी काय मी शिवू? या एवढ्या चोचीने?" धनेश हसला. "ए चिमण्या, ऊठ! तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. तू जा."

चिमणा शिकून आला. तोपर्यंत त्याचे धागेही शिंपिणीनेच वाहिले.

त्या उन्हाळ्यात साग संपला. गिऱ्हाइकं वेळूचीच घरटी मागू लागली. चिमणा ती सावकाश, वाकडीतिकडी का होईना, पण शिवू लागला. शिंपीण नुसती बसून राहायची.

एका सकाळी धनेश मान खाली घालून म्हणाला, "बाई, उद्यापासून येऊ नकोस. तुला द्यायला काम नाही."

"शेठ, तेव्हा मला पंधरवडाभर सोडणं तुम्हाला जमत नव्हतं," शिंपीण हळूच म्हणाली. "आज कायमचं सोडणं कसं जमलं?"

चिमणा शिवायचा थांबला होता.