चार वेळा जन्मलेली मुलगी

एकदा एक वृद्ध सुईण होती आणि तिच्या हाताखाली शिकणारी एक शिष्या होती. गुरू-शिष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाले पुरुष आणि वडाचे झाड येते. तो आपला दोष, गोष्टीचा नव्हे. ही गोष्ट घडते बाळंतिणीच्या खोलीत. तिथे ओव्याची धुरी असते, तेलाचा वास असतो आणि पुरुष दारापर्यंत येऊन, खाकरून परत जातात.

अर्धे गाव या वृद्धेच्या हातांवर जन्मले होते आणि उरलेले अर्धे तिच्या सासूच्या. शिष्या पंचविशीतली विधवा होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा माहेरी आजीपाशी वाढत होता आणि ती स्वतः, हाताला विद्या यावी म्हणून, तीन वर्षे वृद्धेची पिशवी सांभाळत घरोघर फिरत होती. हुशार होती, हात हलका होता. एकच गोष्ट होती, तिला खोटे खपत नसे. गवळ्याने दुधात पाणी घातले तर ती त्याला चारचौघांत सुनावत असे आणि मग गुरुमाउलीला दुसरीकडून दूध शोधावे लागे.

त्या वर्षी गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याची सून बाळंत झाली. मुलगा झाला, सुखरूप झाला, म्हणजे तक्रारीला जागाच नव्हती असे घरच्यांचे मत. परंतु सुनेने बाळाकडे पाठ केली ती केलीच. पहिले दोन दिवस तिने डोळे मिटून पाजले. तिसऱ्या दिवसापासून तेही थांबले. समोरच्या घरातली एक लेकुरवाळी येऊन बाळाला पाजून जाई आणि सून भिंतीकडे तोंड करून पडून राही. कोणी विचारले तर एवढेच म्हणे, "मला काही होत नाही. मला काहीच होत नाही." लोक समजले की प्रकृती ठीक आहे.

व्यापाऱ्याची बायको, म्हणजे बाळंतिणीची सासू, करारी बाई होती. तिने ठरवून टाकले. बाराव्या दिवशी बारसे होईल आणि तेराव्या दिवशी सुनेला माहेरी पोचते करायचे, एकटीला. बाळ इथे राहील. ज्या आईला मूल नको, तिच्या हातात मूल द्यायचे नाही. या निर्णयात रागापेक्षा भीती जास्त होती, पण ती कोणाला दिसली नाही. वृद्धेला ती दिसली की नाही, हे गोष्टीत पुढे येईल.

दहाव्या दिवशी दुपारी शेजारपाजारच्या बायका बाळंतविडे घेऊन जमल्या. चार बायका बाळंतिणीपाशी बसल्या की काय बोलणार? एकीने सांगितले, "मी तर सकाळी दळण दळलं, दुपारी मोकळी झाले, संध्याकाळी भाकऱ्या थापल्या." दुसरीने दोन दिवस वेणा सोसल्या होत्या आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. तिसरी म्हणाली, "पहिलं रडू कानावर आलं आणि मी सगळं विसरले बघा. असं वाटलं, ह्याच्याचसाठी जन्म घेतला होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. युद्धावरून आलेले शिपाई बोलतात तसे ते बोलणे होते. पळून गेलेला त्यात कोणी नव्हताच. सून भिंतीकडे आणखी थोडी सरकली.

वृद्धा तेलाचे हात पुसत होती. ती सहज म्हणाली, "माझी मुलगी झाली ना, तेव्हा मला चाळीस दिवस तिचं तोंड बघवेना."

डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या.

"म्हणजे बघायचे मी," वृद्धा पुढे म्हणाली, "पण वाटायचं, हे कुणाचं आहे? कुणी आणून ठेवलंय माझ्या कुशीत? माया बिया काही नाही. शेजारणीचं मूल रडलं तर जेवढं वाटेल ना, तेवढंच. एकदा तर मनात आलं, आत्ता कुणी येऊन घेऊन गेलं तर गाढ झोप लागेल मला."

बाळंतिणीने मान वळवली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिने भिंत सोडून माणसाकडे पाहिले आणि कोरड्या ओठांनी विचारले, "मग?"

पण त्या 'मग'ला उत्तर मिळाले नाही, कारण तेवढ्यात सासू कडाडली. "मावशी, शोभतं का तुम्हाला हे? बाळंतिणीच्या खोलीत बसून असलं अभद्र बोलता? आई म्हणवता स्वतःला?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. "उद्यापासून तुम्ही यायचं नाही. बाळाला न्हाऊ घालायला तुमच्या हाताखालच्या हिला पाठवा."

वृद्धेने पिशवी आवरली, सर्वांना नमस्कार केला आणि ती बाहेर पडली. मागून शिष्या निघाली. तिचे कान तापले होते, पण गुरूच्या अपमानाने नव्हे. तिला दुसरेच काहीतरी आठवत होते.

तीन वर्षांत तिने या एकाच मुलीचा जन्म आणखी तीनदा ऐकला होता. कुंभाराच्या घरी वृद्धेने सांगितले होते की मुलगी पायाकडून आली, तीन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी 'आता मरण आलं तर बरं' असे वाटले. शाळेच्या मास्तरांच्या घरी तीच मुलगी पाणवठ्याच्या वाटेवर, सुईण यायच्या आत झाली होती आणि आई तिला पदरात घेऊन भीतीने नुसती ओरडत बसली होती. कोष्ट्याच्या घरी ती इतकी किरकिरी निघाली, की एके सकाळी वृद्धेने तिला रागाने बाजेवर आपटल्यागत टाकले आणि मग दिवसभर स्वतःच्या हातांकडे बघत बसली. शिष्येने आधी दुर्लक्ष केले, मग म्हातारपण म्हणून सोडून दिले. आता चौथा जन्म झाला होता, आणि एक मुलगी चार वेळा जन्मत नाही.

ओढ्याच्या पुलावर वृद्धा गुडघे धरून कठड्यावर टेकली. हा तिचा नेहमीचा थांबा होता. शिष्या बसली नाही.

"मावशी, तुम्हाला मुलगी एकच ना?"

"एकच. तुला ठाऊक आहे की."

"मग ती झाली तरी किती वेळा?"

वृद्धा हसली. "तीही मला हेच विचारते."

"हसू नका," शिष्या म्हणाली. "मी सगळं सोडून तुमच्यामागं आले ते विद्या शिकायला. अडलेली बाई सुईणीच्या शब्दावर जीव सोपवते. तुम्ही म्हटलं 'आता जोर कर' की ती करते, 'थांब' म्हटलं की थांबते. तो शब्दच खोटा निघाला तर तिनं कशाला धरायचं? खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हाताखाली मला राहायचं नाही. मी उद्या माहेरी जाते."

वृद्धेने तिला बोलू दिले. तिचे बोलून संपले तेव्हा ती सावकाश म्हणाली:

"माझी मुलगी सरळ झाली. पहाटे दुखायला लागलं, ऊन अंगणात यायच्या आत मोकळी झाले, आणि पहिल्या दिवसापासून जीव लागला. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही, पोरी. मी सांगते ते सगळं खरं आहे, फक्त ते माझं नाही. बाया मला सांगतात. दार लावलेलं असतं, दिवा मंद असतो, आणि त्या वेळेला नवऱ्याला, आईला न सांगितलेलं माणूस सुईणीला सांगतं. मग सकाळी हात धरतात, म्हणतात, मावशी, कुणाला बोलू नका. मी शब्द देते."

"मग नाव न घेता सांगायचं. 'एक बाई होती' म्हणायचं. त्यात खोटं बोलावं लागत नाही."

"दहा वर्षं तसंच सांगितलं मी. काय होतं ठाऊक आहे? मी म्हणते 'एक बाई होती', आणि सगळ्या विचारतात, कोण हो? कुठल्या आळीतली? अमकीची मधली सून तर नव्हे? दिवस मावळायच्या आत तीन जणींची नावं निघतात. आणि जिच्यासाठी मी सांगितलेलं असतं, ती बाजेवर पडून गोष्ट ऐकतच नाही. ती ऐकते तो शोध. तिला एवढंच कळतं की अशा बाईला लोक हुडकून काढतात. मग ती जी गप्प होते ती कायमची. म्हणून मी माझं नाव लावायला लागले. 'मी' म्हटलं की शोध थांबतो. बाया मला नावं ठेवतात, ठेवू देत. ह्या वयात मला काय कुठं दाखवायला न्यायचंय?"

शिष्या कठड्यावर बसली. ओढ्याला त्या दिवसांत पाणी बेताचेच होते. तिचा राग ओसरला नव्हता, पण तो आता कोणावर धरायचा हे तिला कळेनासे झाले. शेवटी तिने विचारले, "मग आज सांगितलीत ती कुणाची?"

वृद्धेने तिच्याकडे वळून पाहिले. "बघ," ती म्हणाली, "तूसुद्धा शोधायला लागलीस."

शिष्येला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. उठताना वृद्धेने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि ती एवढेच म्हणाली, "त्या बाळंतिणीनं 'मग' म्हणून विचारलंय. त्याचं उत्तर राहिलंय. उद्याचा दिवस आहे, परवा बारसं. माहेरी जायचं तर तेवढं करून जा."

दुसऱ्या दिवशी शिष्या एकटीच व्यापाऱ्याच्या घरी गेली. दोन पाय पसरून ती पाटावर बसली, बाळाला पायांवर पालथे घेतले आणि तेल लावू लागली. सासू पाणी विसणायला आत गेली. भिंतीकडून आवाज आला, "ताई, मावशींचं पुढं काय झालं?"

शिष्येने रात्री पुष्कळ विचार केला होता. तीन वर्षांत तिनेही बंद खोल्यांतून पुष्कळ ऐकले होते. त्यातले एखादे उचलावे, नाव आपले लावावे, असे तिने ठरवले होते. पण तोंड उघडल्यावर निघाले ते भलतेच.

"मावशींचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "माझं सांगते. माझा मुलगा दोन महिन्यांचा होता. फार रडायचा. एकदा त्याला शेतात झोळीत टाकलं आणि मी चालत सुटले. रडणं ऐकू येईना इतकी लांब गेले आणि बांधावर बसले. इतकं बरं वाटलं, काय सांगू. अंगावर वारा घेतला. बोरं खाल्ली." तिचे हात बाळाच्या पाठीवर फिरत होते. हे तिने आईलाही सांगितले नव्हते, आणि नवरा तर आता ऐकायला नव्हता. "परत आले ती मायेनं नाही आले. चोळी दुधानं भिजली म्हणून आले. तो रडून रडून निळा पडला होता. मला आज पाच वर्षं झाली, त्या बोरांची चव जात नाही."

"मग माया कधी लागली?"

"नेमकं नाही सांगता यायचं. हसायला लागला तेव्हाही नाही लागली. पुढं एकदा त्याला ताप आला आणि माझी भूक गेली. जेवायला बसले, घास जाईना. तेव्हा कळलं, लागली वाटतं."

दारात सासू गरम पाण्याची घागर घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती, कोण जाणे. शिष्येला वाटले, कालच्यासारखेच आता आपल्यालाही दार दाखवतील, आणि मग या बाळाच्या आईशी बोलायला कोणी उरणार नाही.

सासूने घागर खाली ठेवली. ती ओरडली नाही. बाजेच्या कडेला सुनेच्या पायाशी बसली, पदराने घाम टिपला आणि बाळाकडे बघत, पण त्याच्याशी नव्हे, असे म्हणाली, "ह्याच्या बापाच्या वेळेला मला अडीच महिने लागले."

शिष्येने मान वर केली नाही. कालची गोष्ट कोणाची होती, चाळीस दिवसांचे अडीच महिने होतात की अडीच महिन्यांचे चाळीस दिवस, यातले काही तिने मनात येऊ दिले नाही. तिने पाण्याला हात लावून बघितला, बाळाला न्हाऊ घातले, पुसले, धुरी दिली. माहेरी जाण्याचा विचार तिला आठवलासुद्धा नाही.

बाळंतीण बाजेवर उठून बसली होती. केस विस्कटलेले, डोळे रडून नव्हे तर जागून लाल झालेले. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मग थांबली.

"मी नुसता घेते," ती म्हणाली. "माया नाही येत अजून. तसाच घेतला तर चालेल?"

हा प्रश्न शिष्येला नव्हता, म्हणून तिने सासूकडे पाहिले.

"चालेल," सासू म्हणाली. "मान तेवढी सांभाळ."