महापौरांच्या सात पिढ्या

रत्नागिरीहून इंग्लंडला गेलेल्या विभावरी खेडेकर तिथल्या एका गावच्या वर्तमानपत्रात नऊ वर्षं लिहीत होत्या. नदीकाठच्या गल्लीत दर हिवाळ्यात गटाराचं पाणी घरांत शिरे, मुलं आजारी पडत. भर सभेत त्यांनी महापौरांना जाब विचारला.

महापौर हसून म्हणाले, “बाई, आमच्या सात पिढ्या या गावात गेल्या. तुम्ही काल आलात आणि आम्हाला गटार दाखवता?”

विभावरीबाईंना राग आला, पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “खरं आहे, साहेब. मी हे पाणी नऊच वर्षं पाहतेय. तुमचं घराणं सात पिढ्या पाहतंय. मग उशीर कोणाकडून झाला?”

सभागृहात हशा पिकला. महापौरांना तिथेच दुरुस्तीची तारीख द्यावी लागली. विभावरीबाईंनी ती दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून टाकली, म्हणजे मागे घ्यायची सोय उरायला नको.