बर्फ कारखान्याचे जाहीर निवेदन

एकदा एका बंदराच्या गावात, ऐन वैशाखात, बर्फाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले.

गावात बर्फाचा कारखाना एकच. त्याच बर्फावर कोळ्यांची मासळी तालुक्याच्या बाजारापर्यंत टिके आणि त्याच बर्फाने लग्नघरातले सरबत गार होई. पण त्या वर्षी कोळी मासळी मिठात घालू लागले, आणि वरपक्षाने माठातले पाणी पिऊन समाधान मानले. कारण गावात एक कुजबुज पसरली होती. कारखान्यात एक मनुष्य मेला, त्याचे प्रेत तीन दिवस बर्फाच्या लाद्यांत दडवून ठेवले, आणि मग भर दुपारी, बाजार सामसूम असताना, मागच्या फाटकातून झाकलेल्या बैलगाडीने बाहेर काढले, असे लोक म्हणत. गाडी पाहिलेली माणसे होती. प्रेत पाहिलेले कोणीच नव्हते. पण गाडी पाहिलेला मनुष्य काही दिवसांनी प्रेताचेही वर्णन करू लागतो, हा जगाचा अनुभव आहे.

कारखान्याचे मालक असलेले शेठ अखेर गावातल्या छापखान्यात आले. तिथे एक वृद्ध संपादक आपले साप्ताहिक चालवीत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य पाच वर्षे छपाईचे खिळे जुळवायला आणि मजकूर लिहायला शिकत होता. शेठनी घडी केलेला कागद पुढे ठेवला.

"गुरुजी, हे पहिल्या पानावर छापा. शिवाय पत्रके काढा, घरोघर वाटू."

संपादकांनी चष्मा लावून वाचले. 'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, आमच्या कारखान्यातील बर्फ शुद्ध व गाळीव पाण्यापासून बनविला जातो. काही हितशत्रूंनी उठविलेल्या अफवांवर कोणीही विश्वास ठेवू नये.'

"शेठजी, एकच विचारतो. कारखान्यात कोणी मेले का?"

"देवाशपथ नाही. कोणी मेलेले नाही."

"मला पटते," संपादक म्हणाले. "उद्या तुमच्या कारखान्यात येऊन हे निवेदन तुमच्या कामगारांपुढे मोठ्याने वाचू. मग छापू."

शेठ क्षणभर थांबले. "वाचा की. माझीच तर माणसे आहेत."

शिष्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. शेठ थांबले, हे त्याने पाहिले होते. त्याहून त्याला खटकले ते गुरुजींचे 'मला पटते'. अफवांच्या पोटात शिरून खरे-खोटे निवडणारा हा मनुष्य एका शपथेवर विश्वास ठेवतो? आणि निवेदन वाचून दाखवायचे ते कोणाला, तर शेठचे मीठ खाणाऱ्यांना! ते माना डोलावणार नाहीत तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी शेठचा टांगा छापखान्यापुढे उभा राहिला आणि संपादक त्यात बसले. शिष्याला मागून चालत येण्यास सांगितले होते, कारण टांग्यात जागा नव्हती. वाटेत चहाच्या दुकानापाशी एकाने हसून म्हटले, "काय रे, तुझा म्हातारा पण शेठच्या बर्फात विरघळला म्हणायचा." शिष्याच्या तोंडून निघून गेले, "कुणास ठाऊक. टांग्यात बसलेत खरे." एवढेच बोलून तो पुढे चालू लागला.

कारखान्यात लाद्या उतरवायच्या ओट्यावर तीसेक माणसे जमली. संपादकांनी शिष्याला निवेदन वाचायला सांगितले. 'शुद्ध व गाळीव पाणी' हे शब्द आले तेव्हा माणसांनी मनापासून माना हलवल्या. पाण्याविषयी कोणाला शंका नव्हती. 'हितशत्रू' हा शब्द आला आणि ओट्यावर शांतता पसरली. बहुतेक जण खाली पाहू लागले. दोघेतिघे मुकादमाकडे पाहत होते, आणि मुकादम जमिनीकडे.

"यात काही खोटे आहे?" संपादकांनी विचारले.

"नाही," दोनचार आवाज आले.

"काही राहिले आहे?"

कोणीच बोलले नाही. संपादक उभेच राहिले. त्यांना घाई नव्हती. शेठनी एकदा खाकरून पाहिले, तरीही ते हलले नाहीत. शेवटी लाद्यांवर भुसा पसरणारी एक म्हातारी पदराने हात पुसत म्हणाली, "सगला बरोबर हाय. पन त्यात धाकूचा नाव नाय."

संपादकांनी शिष्याच्या हातून कागद घेतला, घडी घातली आणि शेठना परत दिला.

छापखान्यात परतल्यावर शेठ प्रथम रागावले, मग बसले, मग बोलले. धाकू हा यंत्रघरातला कामगार. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात अमोनियाच्या नळीचा सांधा सुटला आणि तो जहाल वायू थेट त्याच्या तोंडावर आला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला ओल्या चादरीत गुंडाळून जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. तीच ती झाकलेली गाडी. एक डोळा गेला, दुसऱ्याने अंधुक दिसते. आता तो खाडीपलीकडे सासुरवाडीत राहतो.

"त्याची सोय केली आहे मी, सोडलेले नाही," शेठ म्हणाले. "पण गावात घबराट नको म्हणून मागच्या फाटकाने नेले. कामगारांना बजावले, बाहेर बोलायचे नाही. यात बर्फाचा काय संबंध? बर्फ तर शुद्धच आहे!"

"सांधा अचानक सुटला?" संपादकांनी विचारले.

शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मुकादमाने दोनदा सांगितले होते, बदला म्हणून. हंगाम तोंडावर होता. कारखाना एक दिवसही बंद ठेवणे परवडले नसते."

शिष्याला राहवेना. "गुरुजी, हेच छापू या! आत्ता, आपल्या नावाने. लोकांना कळू दे."

"शनिवारपर्यंत नाही," संपादक म्हणाले. "शेठजी, तुम्ही स्वतः लिहा. लिहिलेले आधी धाकूला जाऊन ऐकवा. शनिवारी अंक निघतो. तोवर घेऊन आलात तर तुमचे छापीन. नाही आलात, तर हा जे लिहील ते छापीन, आणि खाली माझे नाव घालीन."

शेठ गेल्यावर शिष्य उसळून म्हणाला, "तुम्ही त्यांना वाचवताय. चार दिवसांत ते काहीही करतील. धाकूचे तोंड बंद करतील, मुकादमाला घालवतील."

"करू शकतील. म्हणून तू त्यांच्याबरोबर होडीत बसून जायचे. आणि तुझा मजकूर आजच जुळवून तयार ठेव."

शिष्याने मजकूर जुळवला. जुळवताना एकेका वाक्यावर त्याला आनंद होत होता, आणि मन मात्र शांत होत नव्हते. गुरुजी असे का वागतात, हे त्याला उमगेना. विचारायचे होते, पण विचारण्याइतका विश्वास आता उरला नव्हता.

गुरुवारी भरतीच्या वेळी होडी खाडीपलीकडे लागली. धाकू अंगणात जाळे विणत बसला होता. डोळ्यांनी होत नव्हते ते बोटांनी करत होता. त्याची बायको भागी दाराशी उभी होती. तिने या मंडळींना बसा म्हटले नाही.

शेठनी नवा कागद वाचला. 'फाल्गुन महिन्यात आमच्या कारखान्यात दुर्दैवाने एक अपघात झाला व त्यात एका कामगारास इजा पोहोचली...'

"थांबा, शेठ," धाकू म्हणाला. "अपघात झाला म्हंजे? आपोआप झाला? मुकादमानं आदी माझ्या देखत सांगितला व्हता तुमाला."

शेठ कागदाकडे पाहत राहिले. खाडीवरून वारा येत होता आणि कागद त्यांच्या हातात फडफडत होता. मग त्यांनी शिष्याकडे हात केला. "पेन्सिल दे." 'दुर्दैवाने' हा शब्द त्यांनी खोडला. वर लिहिले: 'नळीचा सांधा खराब झाल्याची सूचना मला दोनदा मिळाली होती. तो बदलण्याचे मी पुढे ढकलले.' लिहून झाल्यावर ते वाचताना त्यांचा आवाज आधीसारखा निघाला नाही.

"आता 'एक कामगार' ऐवजी नाव घालू का?" शेठनी विचारले.

भागी पहिल्यांदाच बोलली. "कशाला? आमचा नाव छापून तुमचा पाप धुवायचा हाय? दोन म्हैने कोन नाय आला. बर्फ खपत नाय, तवा आठवन आली!"

शेठनी पेन्सिल शिष्याला परत दिली. शिष्याला वाटले, ही बाई त्याच्याच मनातले बोलली.

धाकूने जाळे बाजूला ठेवले. "भागे, तुजा खरा हाय. पन माझा नाव घालू दे. गावात मी मेलोय. परवा घाटावर दिलेली भैन रडत आली, सुतकाची आंघोल करून आली ती. मला जित्ता बघून तिला भोवळ आली. नाव घाला, शेठ. आनि यंत्रघरात जो मानूस लागलाय, त्याच्यासाठी नवीन नली बसवा. ती बसवलीत का नाय, तेपन लिवा."

"बसवलेली नाही," शेठ हळू आवाजात म्हणाले.

"मंग बसवा आनि मंग लिवा."

शुक्रवारी कारखाना बंद राहिला. मुकादमाने नवी नळी बसवली. शनिवारच्या अंकात शेठचे निवेदन आले. त्यात धाकूचे नाव होते, सांध्याची गोष्ट होती, झाकलेल्या गाडीत कोण होते आणि ते का लपवले, हेही होते. खाली शेठची सही होती. हितशत्रूंचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर लगेच सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. आठवडाभर लोक अधिकच चिडले. ज्यांनी प्रेताची गोष्ट पसरवली होती, तेच आता माणुसकीच्या गोष्टी सांगू लागले. शेठ छापखान्यात येऊन म्हणाले, "खरे सांगून शिव्याच खाल्ल्या." पण लोक आता रागावले होते ते घडलेल्या गोष्टीवर, न घडलेल्या गोष्टीवर नव्हे. हळूहळू दोन कोळी आले, त्यांनी यंत्रघरात जाऊन नळी पाहिली, आणि बर्फ घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात आणखी काही आले. काही जण त्या हंगामात फिरकलेच नाहीत.

एके संध्याकाळी काम आटोपल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, शेठचे मीठ खाणाऱ्यांकडून खरे कळेल, असे तुम्हाला कसे वाटले?"

संपादक म्हणाले, "ते बोलतील म्हणून मी गेलो नव्हतो. ते कुठे गप्प होतात ते पाहायला गेलो होतो. माझ्या लहानपणी या गावात छापखाना नव्हता. दवंडीवाला हलगी वाजवीत चौकात उभा राही. लोक त्याला अडवून विचारीत, 'खरे का रे? तू स्वतः पाहिलेस?' तो जरा चाचरला, की लोकांना कळे, हुकमात काहीतरी गोम आहे. पुढे छापील कागद आला. तो चाचरत नाही. खरे असो, खोटे असो, अक्षर सारखेच ठळक उमटते. म्हणून लोकांनी आधी त्याच्यावर फार विश्वास ठेवला आणि आता मुळीच ठेवीनासे झाले. जे निवेदन चाचरू शकत नाही, ते आधी चाचरू शकणाऱ्या माणसांपुढे वाचावे. शेठच्या कागदातले प्रत्येक वाक्य खरे होते. गावातली अफवा खोटी होती. आणि तरीही गावाचा संशय खरा होता. गाडी झाकलेली होती ना? लोकांनी फक्त आत काय आहे, ते चुकीचे ओळखले."

"मग माझा मजकूर का नाही छापलात? तोही खराच होता."

"होता. पण तो वाचून शेठ तुझ्यावर चिडले असते, धाकूकडे गेले नसते, आणि नळी तशीच राहिली असती. जे त्यांना अंगणात उभे राहून ऐकावे लागले, ते तुझ्या लेखाने ऐकवता आले नसते. शेठ आले नसते तर तुझेच छापले असते. माझाही त्यांच्यावर पुरता भरवसा नव्हता."

शिष्याने हातातले खिळे खणात ठेवले. मग खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही विकले गेलात असे गावात बोलले जात होते. त्याला मीच दुजोरा दिला. चहाच्या दुकानापाशी मी बोललो होतो."

"ठाऊक आहे मला."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत!"

"काय बोलणार? मी टांग्यात बसलो, आणि का बसलो ते तुला सांगितले नाही. शेठनी कामगारांना बजावले, मी तुला नुसते अंधारात ठेवले. परिणाम एकच. बाहेरच्या लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मी धडपडत होतो, आणि माझ्याच छापखान्यातल्या माणसाला विचारायची सोय ठेवली नाही. चूक तुझी आहेच, पण आधी माझी."

शिष्याने उठून दिवा लावला आणि दोघेही दुसऱ्या दिवशीच्या कामाविषयी बोलू लागले. त्या दिवसापासून गुरुजी कुठे जात, का जात, हे त्याला आधी सांगून जाऊ लागले, आणि तो विचारू लागला.

आपली संस्था लोकांना काय सांगणार, हे ठरवण्यापूर्वी ते आपल्याच माणसांपुढे एकदा मोठ्याने वाचून पाहावे, आणि ती जिथे खाली पाहतील तिथे थांबावे.